मध्यभूमीचा इतिहासकार : जे. आर. आर. टॉल्किन

बायबलमधील घटनांवर कल्पनेचा साज चढवून लिहिलेल्या अद्भुतकथांचे पीक आज जगभर उदंड आले आहे. जलप्रलयापूर्वीचे महाकाय, बंडखोर देवदूत, समुद्राने गिळलेली नगरे, शापित राजघराणी हे सारे त्यांत हटकून भेटते. असे एखादे जाडजूड पुस्तक मुलाच्या उशाशी दिसले की आपल्याकडील आईवडील बिचकतात आणि हे वाचू द्यावे की काढून घ्यावे, अशी पृच्छा आमच्याकडे करतात. सरसकट उत्तर देण्याच्या भरीस आम्ही पडणार नाही. मात्र हाच प्रश्न ज्यांनी जन्मभर स्वतःलाच विचारला आणि ज्यांच्या लेखणीमुळे या वाङ्मयप्रकाराला आजचे रूप आले, त्या लेखकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हाला वाटते. ते लेखक म्हणजे जॉन रोनल्ड रूएल टॉल्किन. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या ग्रंथांचे कर्ते म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. २००१ ते २००३ या काळात आलेल्या तीन चित्रपटांमुळे ज्यांनी पुस्तक हाती धरलेले नाही, त्यांच्याही ओठी ते नाव आले. ते श्रद्धावान कॅथलिक होते आणि त्या श्रद्धेची किंमत त्यांच्या घराने मोजली होती, ही गोष्ट मात्र तितकीशी ठाऊक नाही.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथे बँकेत व्यवस्थापक होते. तिकडचे हवामान मुलाला मानवेना, म्हणून आई मेबल १८९५ साली रोनल्ड व धाकटा हिलरी यांना घेऊन इंग्लंडला परतल्या. वडील मागाहून यायचे होते. ते आलेच नाहीत. १५ फेब्रुवारी १८९६ रोजी आजारपणात त्यांचे तिकडेच निधन झाले. सव्वीस वर्षांच्या त्या विधवेने बर्मिंगहॅमजवळील सेअरहोल या खेड्यात एक लहानसे घर भाड्याने घेतले. पाणचक्की, ओढा, झाडी आणि शेते यांत मुलांची चार वर्षे गेली. आई हीच त्यांची शाळा होती. लॅटिन, चित्रकला, वनस्पतींची ओळख हे सारे तिने स्वतः शिकवले. टॉल्किन यांच्या कथांतील हॉबिट नावाच्या बुटक्या, खाऊनपिऊन सुखी अशा लोकांचा मुलूख याच खेड्यावरून घेतलेला आहे.

जून १९०० मध्ये मेबल यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. इंग्लंडमधील कॅथलिकांना १८२९ च्या कायद्याने बहुतेक नागरी हक्क परत मिळाले होते, तरी मध्यमवर्गीय प्रॉटेस्टंट घरांतून त्यांच्याविषयीचा संशय गेलेला नव्हता. मेबल यांच्या वडिलांचा संताप अनावर झाला. त्यांची बहीण मे हिनेही त्यांच्याबरोबरच हे पाऊल उचलले होते. पण तिच्या पतीने तिला पुन्हा कॅथलिक चर्चची पायरी चढण्यास मनाई केली आणि तिने ती मुकाट्याने पाळली. हाच मेहुणा मेबल यांना दरमहा थोडी मदत करीत असे. ती त्याने बंद केली. सासरच्या मंडळींचाही विरोध होताच. मेबल मागे हटल्या नाहीत. स्वस्त भाड्याच्या एका घरातून दुसऱ्या घरात अशी त्यांची फरफट सुरू झाली आणि १९०२ साली त्या बर्मिंगहॅमच्या ओरेटरीजवळ राहू लागल्या. ही ओरेटरी कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापन केली होती. २०१९ साली संतपदाला पोहोचलेले न्यूमन त्या वेळी निवर्तून जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि त्यांच्या सहवासात राहिलेले धर्मगुरू त्या घरात अजून होते. त्यांपैकी फादर फ्रान्सिस मॉर्गन हे या कुटुंबाचे आधारस्तंभ झाले. आईकडून स्पॅनिश आणि वडिलांकडून वेल्श असलेला हा मोठ्या आवाजाचा, पाइप ओढणारा, दिलदार माणूस होता.

१९०३ च्या नाताळात रोनल्डने प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्रहण केला. पुढच्याच वर्षी मेबल यांना मधुमेह असल्याचे निदान झाले. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. फादर फ्रान्सिस यांनी रेडनल या खेड्यात, ओरेटरीच्या जागेतील एका टपालवाल्याच्या घरात, मायलेकरांची सोय केली. तेथेच १४ नोव्हेंबर १९०४ रोजी मेबल यांनी देह ठेवला. त्यांचे वय चौतीस होते आणि रोनल्ड बारा वर्षांचा होता. नातलगांनी मुलांना आपल्या पंथाकडे वळवू नये, म्हणून त्यांनी मृत्युपत्रात फादर फ्रान्सिस यांना पालक नेमले होते.

आपली आई श्रद्धेसाठी हुतात्मा झाली, असे टॉल्किन अखेरपर्यंत मानीत. वैद्यकशास्त्र त्यांच्याशी सहमत होणार नाही. तरी सुस्थितीतील नातलगांनी हात आखडता घेतला नसता तर त्या बाईला थोडी विश्रांती, थोडे बरे अन्न आणि थोडे निश्चिंत दिवस लाभले असते, एवढे आम्हीही म्हणू. ज्या मावशीकडे दोन्ही भावांना ठेवण्यात आले, तिने मेबल यांची पत्रे व कागदपत्रे चुलीत घातली. मुलांना ती हवी असतील हा विचारच तिला शिवला नव्हता. हे पुढे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण हरवलेल्या हस्तलिखितांतून, जुन्या बखरींतून एखाद्या नष्ट झालेल्या जगाचा इतिहास पुन्हा जुळवणे हाच या मुलाचा जन्मभराचा उद्योग झाला.

रोज पहाटे ओरेटरीत जाऊन फादर फ्रान्सिस यांच्या मिस्सेला सेवा करायची, तेथेच न्याहारी करायची आणि मग शाळा गाठायची, असा दोघा भावांचा क्रम होता. ओरेटरीच्या मोठ्या घरातले ते धाकटे सदस्यच झाले होते म्हणा ना. त्यांच्या खर्चाची तोंडमिळवणी होईना, तेव्हा फादर आपल्या घराण्याच्या मद्यव्यवसायातून मिळणाऱ्या खासगी उत्पन्नातून गुपचूप भर घालीत. मात्र हेच फादर सोळा-सतरा वर्षांच्या रोनल्डला कठोर वाटावेत असा प्रसंग आला. त्याच भाड्याच्या घरात एडिथ ब्रॅट नावाची, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, तीही अनाथ, पियानो सुरेख वाजवणारी मुलगी राहत होती. दोघांचे प्रेम जमले. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती हातची जाण्याची चिन्हे दिसताच फादर फ्रान्सिस यांनी एकविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत तिला भेटायचे नाही, लिहायचेही नाही, अशी सक्त ताकीद दिली. रोनल्डने ती पाळली. ३ जानेवारी १९१३ ची मध्यरात्र उलटताच त्याने तिला पत्र घातले. उत्तर आले ते तिचे दुसरीकडे लग्न ठरल्याचे. तो आगगाडीने चेल्टनहॅमला गेला, दिवसभर तिच्याशी बोलला आणि संध्याकाळी तिने आधीचे लग्न मोडायचे ठरवले.

येथवरची हकीकत टॉल्किनप्रेमी मोठ्या कौतुकाने सांगतात. पुढची जरा दबक्या आवाजात. एडिथ अँग्लिकन होती, चेल्टनहॅमच्या आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे आणि तेथे तिला मान होता. ती ज्यांच्या घरी राहत होती ते गृहस्थ कट्टर कॅथलिकविरोधी होते. तिने धीमेपणाने, लग्न जवळ आल्यावर हे पाऊल उचलू असे सुचवले. टॉल्किन यांनी ते मानले नाही. आईने सोसले, मग हिने का सोसू नये, अशी काहीशी त्यांची वृत्ती होती. एडिथला ते घर सोडावे लागले. ८ जानेवारी १९१४ रोजी वॉरिक येथे तिने कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि २२ मार्च १९१६ रोजी तेथीलच चर्चमध्ये दोघांचा विवाह झाला. पण उत्साही पतीच्या पुढाकाराने स्वीकारलेली श्रद्धा एडिथ यांच्या मनात बराच काळ रुजली नाही. पापनिवेदनाचा त्यांना तिटकारा होता आणि पती मुलांना चर्चला घेऊन निघाला की घरात ताण निर्माण होई. हंफ्री कार्पेंटर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात हे स्पष्टपणे नमूद केले आहे. आईवर जो दबाव नातलगांनी उलट्या दिशेने आणला, तशाच दबावाचा अंश मुलाच्या हातून पत्नीवर आला, असे आमचे मत आहे. त्यांच्या थोरवीने ते झाकून जात नाही.

आता त्या कथांच्या उगमाकडे वळू. १९१४ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा अभ्यास करताना टॉल्किन यांच्या वाचनात ‘क्राइस्ट’ नावाचे प्राचीन धार्मिक काव्य आले. त्याचा पहिला भाग आगमनकाळाच्या ‘ओ’ धृपदांवर आधारलेला आहे. ही धृपदे आजही १७ ते २३ डिसेंबर या दिवसांत सायंप्रार्थनेत म्हटली जातात आणि २१ तारखेच्या धृपदात ख्रिस्ताला उगवत्या प्रभेची उपमा दिलेली आहे. त्या ठिकाणी जुन्या कवीने ‘एअरेंडेल’ असा एक दुर्मीळ शब्द योजला होता. पहाटेचा तारा असा त्याचा अर्थ होतो. या एका शब्दाने टॉल्किन यांना झपाटले. सप्टेंबर १९१४ मध्ये त्यांनी या नावाच्या नाविकावर एक कविता लिहिली. हळूहळू त्या नाविकाला आईबाप मिळाले, देश मिळाला, इतिहास मिळाला. एल्फ आणि मानव या दोन वंशांचे रक्त अंगी असलेला हा एअरेंडिल दोन्ही लोकांच्या वतीने दयेची याचना करण्यासाठी निषिद्ध समुद्र ओलांडून जातो आणि अखेर आकाशात तारा होऊन राहतो. टॉल्किन यांच्या साऱ्या कल्पनाविश्वाची पहिली वीट ही अशी ख्रिस्तजन्माच्या प्रतीक्षेतील एका प्रार्थनेतून आलेली आहे.

पुढे महायुद्ध आले. जून १९१६ मध्ये ते फ्रान्सला गेले आणि सॉमच्या लढाईत संदेशवहन अधिकारी म्हणून होते. शाळकरी वयातील चौघा जिवलग मित्रांच्या मंडळापैकी एक १ जुलै १९१६ रोजी पडला, दुसरा त्याच वर्षी ३ डिसेंबरला जखमांनी गेला. तिसरा वाचला, तो मेथडिस्ट होता आणि टॉल्किन यांचा आजन्म मित्र राहिला. स्वतः टॉल्किन खंदकज्वराने आजारी पडून नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतले. या आजारपणात त्यांनी ‘द फॉल ऑफ गाँडोलिन’ ही, एका लपलेल्या नगराच्या विनाशाची कथा लिहिली.

त्यांची नोकरीपेशाची कहाणी सरळ आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीत काही काळ, १९२० पासून लीड्स विद्यापीठात आणि १९२५ पासून १९५९ पर्यंत ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकपद. चार मुले, थोरला जॉन १९४६ साली धर्मगुरू झाला. मात्र या शांत वाटणाऱ्या वर्षांतच त्यांच्या श्रद्धेला ओहोटी लागली होती. १९२० च्या दशकात आपण धर्माचरण जवळजवळ सोडून दिले होते, अशी कबुली त्यांनी १९६३ साली मायकल या मुलाला लिहिलेल्या पत्रात दिली. मंदिरपेटीतील ख्रिस्ताची मूक ओढ त्यांना परत घेऊन आली, असे त्यांचे सांगणे होते. त्याच पत्रव्यवहारात डळमळणाऱ्या मुलाला त्यांनी एक उपाय सुचवला : जेथील धर्मगुरू रटाळ व बडबड्या आहे आणि जेथील भाविक गलका करणारे आहेत, अशा चर्चमध्ये मुद्दाम जाऊन ख्रिस्तप्रसाद घ्यावा, संस्कार तेथेही तोच असतो. आम्हा धर्मगुरूंना हा सल्ला फारसा सुखावणारा नाही, पण त्यातील तत्त्व निर्विवाद आहे.

सी. एस. लुईस यांच्याशी त्यांचा स्नेह सर्वश्रुत आहे. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री ऑक्सफर्डमधील ॲडिसन्स वॉक या पायवाटेवर टॉल्किन, लुईस व ह्यूगो डायसन यांची दीर्घ चर्चा झाली. देवाचे अस्तित्व मान्य करूनही ख्रिस्तापाशी अडलेल्या लुईस यांना टॉल्किन यांनी असे पटवून दिले की, सर्व राष्ट्रांच्या पुराणकथांत सत्याचे कवडसे आहेत आणि ख्रिस्ताची कथा ही इतिहासात प्रत्यक्ष घडलेली पुराणकथा आहे. थोड्याच दिवसांत लुईस ख्रिस्ती झाले. ते कॅथलिक होतील ही टॉल्किन यांची आशा मात्र फळली नाही. लुईस अँग्लिकनच राहिले आणि पुढे मैत्रीत जे अंतर पडले त्याचे हेही एक कारण होते.

दोघांच्या लेखनाची तऱ्हाही वेगळी. लुईस यांच्या नार्नियाच्या कथांत सिंहरूपी अस्लान अपराध्यासाठी प्राण देतो आणि पुन्हा उठतो. त्यात ख्रिस्त ओळखायला लहान मुलालाही वेळ लागत नाही. टॉल्किन यांना ते रुचले नाही. बायबलमधील घटनांना मुखवटा चढवून पुन्हा रंगमंचावर आणणे त्यांना नको होते. येथे आम्हाला आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. तेही इंग्रज कॅथलिक. १६१६ साली त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलचा इतिहास उघडपणे, नावानिशी, पण मराठी पुराणाच्या वळणाने सांगितला. टॉल्किन यांनी नेमके उलट केले. नावे, स्थळे, मंदिरे, प्रार्थना सारे काढून टाकले आणि तो इतिहास जेथून घडतो ती घडण तेवढी ठेवली : निर्मिती, बंड, पतन, हद्दपारी, उरलेला अल्पसा निष्ठावंत समूह आणि अनपेक्षित सुटका.

‘द सिल्मरिलियन’ या ग्रंथाच्या आरंभी एकमेव देव इल्युवतार आपल्या विचारांतून पवित्र जीव निर्माण करतो आणि त्यांना एका महान संगीताचा विषय देतो. त्यांतील सर्वांत समर्थ असा मेल्कोर स्वतःचा बेसूर त्यात मिसळतो. देव ते संगीत थांबवत नाही. बेसूरही आपल्या स्वरमेळात ओढून घेतो आणि मग त्या गाण्याला अस्तित्व देतो. यात आपल्याला लुसिफरचे बंड दिसते. पण एक भेद आहे आणि तो टॉल्किन स्वतःच दाखवून देत. या कथेत जगाला अस्तित्व मिळण्याआधीच त्याच्या आराखड्यात दोष शिरलेला असतो, तर उत्पत्तीच्या पुस्तकात निर्माण केलेले सारे चांगलेच असते.

आमच्या मते बायबलशी त्यांची सर्वांत खोल भेट न्यूमेनॉरच्या कथेत झाली. हिरव्या मळ्यांवर चढून येणाऱ्या एका प्रचंड लाटेचे स्वप्न त्यांना लहानपणापासून पडत असे. १९३६ च्या सुमारास लुईस यांनी अंतराळप्रवासाची आणि आपण कालप्रवासाची कथा लिहायची, असे दोघांचे ठरले. लुईस यांनी आपली पुरी केली. टॉल्किन यांची अर्धवट राहिली, पण तिच्यातून हे बुडालेले बेट वर आले. दुष्टाविरुद्धच्या युद्धात निष्ठावंत राहिलेल्या मानवांना समुद्रात एक सुंदर बेट आणि दीर्घ आयुष्य मिळते. आज्ञा एकच : पश्चिमेला, अमरांच्या देशाकडे गलबत हाकायचे नाही. पिढ्या जातात, वैभव वाढते आणि त्याबरोबर मरणाचे भय वाढते. थडगी घरांहून भव्य होतात. शेवटचा राजा सॉरॉन या दुष्टाला कैद करून आणतो आणि कैदीच राजाचा सल्लागार होतो. अंधाराची उपासना सुरू होते, मोठे मंदिर उठते, त्यात नरबळी दिले जातात. अखेर राजा अमरत्व हिसकावून घेण्यासाठी आरमार घेऊन निघतो. देव जगाचा आकारच बदलतो आणि बेट समुद्रात गडप होते. एलेंडिल आणि त्याचे निष्ठावंत तेवढे नऊ गलबतांतून वाचतात.

एदेनची मनाई, बाबेलचा गर्व, नोहाचे तारू, यहुदाच्या राजांनी उभारलेली परकी पूजास्थाने आणि बाबिलोनच्या हद्दपारीतून उरलेला शेष समुदाय हे सारे येथे एकवटले आहे. एलेंडिलची नोहाशी तुलना टॉल्किन यांनी स्वतः केली आहे. या लोकांच्या वंशजांविषयी एका पत्रात त्यांनी असेही लिहिले, की भव्य बांधकाम आणि थडग्यांची आवड यांत ते मिसरी लोकांसारखे आहेत, पण धर्माच्या बाबतीत इब्री. बेटावरचे पवित्र शिखर बुडाल्यावर त्यांना मंदिर उरले नाही. म्हणूनच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये त्या वंशाचे सैनिक जेवणापूर्वी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात, साऱ्या ग्रंथात धर्माचरण म्हणावे असे जवळजवळ तेवढेच आहे.

इस्रायलच्या इतिहासाची आणखी एक छाया त्यांच्या ड्वार्फ नावाच्या, डोंगर पोखरणाऱ्या लोकांवर आहे. त्यांची गुप्त भाषा त्यांनी हिब्रूसारख्या सेमिटिक भाषांच्या धर्तीवर घडवली. मायभूमीतून हाकलले गेलेले, जेथे जातील तेथील भाषा बोलणारे, पण आपली ओळख न सोडणारे हे लोक आपल्याला यहुदी लोकांसारखे वाटतात, असे त्यांनी १९५५ साली लिहिले. त्या लोकांचा सोन्याचा हव्यास पाहता ही तुलना आज अनेकांना खटकते, आणि खटकणे स्वाभाविक आहे. परंतु १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने ‘द हॉबिट’च्या अनुवादासाठी त्यांच्या आर्य वंशाची खात्री मागितली, तेव्हा टॉल्किन यांनी तो प्रश्नच निंद्य ठरवला आणि त्या गुणसंपन्न यहुदी लोकांत आपले पूर्वज नाहीत याचा खेद व्यक्त करणारे उत्तर तयार केले, हेही सांगितले पाहिजे. पुस्तकाचा जर्मन अनुवाद १९५७ साली निघाला.

‘द हॉबिट’ १९३७ साली प्रसिद्ध झाले. प्रकाशकाला पुढचा भाग हवा होता. तो लिहायला बारा वर्षे लागली आणि १९५४-५५ मध्ये तो तीन खंडांत बाहेर पडला. फ्रोडो नावाच्या एका सामान्य हॉबिटवर एक सर्वनाशी अंगठी तिच्या उगमस्थानी, अग्निपर्वतात नेऊन टाकण्याची जबाबदारी येते, एवढेच त्याचे सूत्र. छपाईपूर्वी हस्तलिखित वाचणाऱ्यांत फादर रॉबर्ट मरे हे त्यांच्या घरोब्यातले येशूसंघीय होते. कथेत कृपेचा क्रम जाणवतो आणि गालाद्रिएल ही एल्फ राणी पवित्र मरियेची आठवण देते, असे त्यांनी कळवले. डिसेंबर १९५३ मध्ये टॉल्किन यांनी उत्तर दिले, की हे मुळात धार्मिक आणि कॅथलिक लेखन आहे. आधी नकळत, पुनर्लेखनात जाणीवपूर्वक. आणि म्हणूनच त्यातील धर्म व पूजाविधी यांचे उल्लेख आपण गाळले. याच पत्रात त्यांनी श्रद्धेचे ऋण आईच्या नावे मांडले आहे.

वाचकांनी तारखांकडे लक्ष द्यावे. फ्रोडो आणि त्याचे सोबती २५ डिसेंबरला प्रवासास निघतात. अंगठीचा नाश २५ मार्चला होतो. त्या दिवशी ख्रिस्तसभा मरियेला मिळालेल्या शुभसंदेशाचा सण पाळते आणि एका प्राचीन परंपरेनुसार ख्रिस्त क्रुसावर मेला तो हाच दिवस. वाटेत एल्फ लोकांनी दिलेली ‘लेंबास’ नावाची शिदोरी फ्रोडोला तगवते. तिच्यात अनेकांनी मरणासन्नाला दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद पाहिला. आम्हाला मात्र याहून शेवट महत्त्वाचा वाटतो. पर्वताच्या कड्यावर फ्रोडो हरतो. तो अंगठी टाकत नाही, ती आपलीच म्हणून बोटात घालतो. ज्या लबाड गॉलमला त्याने वारंवार मारण्याऐवजी दया करून सोडले होते, तोच झडप घालतो आणि अंगठीसह आगीत पडतो. अनेक वाचकांनी पत्रे लिहून या नायकाची निंदा केली. टॉल्किन यांनी त्यांना प्रभूच्या प्रार्थनेतील शेवटच्या विनंत्यांकडे बोट दाखवले : मोहापासून वाचवण्याची विनवणी माणूस करतो, कारण स्वतःच्या बळावर न टिकण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते.

पुस्तक मुलांच्या हाती द्यावे की नाही ही शंका त्या काळच्या कॅथलिकांनाही होती. १९५४ साली ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक ग्रंथविक्रेत्याने त्यांना लिहिले, की मेलेले एल्फ पुन्हा देह घेतात असे दाखवून आपण निर्मात्याची मर्यादा ओलांडली नाही काय? टॉल्किन यांनी दीर्घ उत्तर लिहायला घेतले. निर्मात्याने जे मार्ग वापरल्याचे आपल्याला माहीत आहे, त्यांपलीकडे कल्पनेने जाणे हा त्याच्या अमर्याद सामर्थ्याचा गौरवच होय, असा त्यांचा रोख होता. पण आपण स्वतःला फारच महत्त्व देत आहोत असे वाटून त्यांनी ते पत्र धाडलेच नाही. त्यांच्या कागदांत एक संवादही सापडला, ज्यात एक ज्ञानी स्त्री एका एल्फ राजाला मानवांमधील जुनी आशा सांगते : तो एकमेव स्वतःच या जगात उतरेल आणि त्याला बरे करील. हा ख्रिस्ती श्रद्धेचा विडंबनवजा प्रतिध्वनी तर होत नाही ना, ही चिंता त्यांनी टिपणात नोंदवून ठेवली आहे. संवाद त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

बायबलची त्यांनी प्रत्यक्ष सेवाही केली. १९६६ च्या इंग्रजी ‘जेरुसलेम बायबल’मध्ये योनाचे पुस्तक मूलतः त्यांनी अनुवादले आहे. चार अध्याय, अठ्ठेचाळीस ओव्या. आणखी पुस्तके करण्याची त्यांना इच्छा होती, सवड झाली नाही. देवाच्या दयेवर रुसून बसलेल्या संदेष्ट्याची ही लहानशी गोष्ट गॉलमवर दया करायला लावणाऱ्या लेखकाच्या वाट्याला यावी, याची आम्हाला गंमत वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली, तेव्हा त्यांना फार क्लेश झाले. त्यांच्या नातवाने लिहिले आहे, की बोर्नमथच्या चर्चमध्ये सारे इंग्रजीत उत्तरे देत असताना आजोबा ठणठणीत आवाजात लॅटिनमध्येच देत आणि शेजारी बसलेल्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखे होई. मराठी मिस्सेने ज्यांना आनंद दिला त्या आमच्या पिढीला हे हट्टी वाटेल. पण ज्या लॅटिनची मुळाक्षरे त्यांना सेअरहोलच्या घरात आईने गिरवून दिली होती, ती त्यांच्या दृष्टीने परभाषा नव्हती. तक्रार करूनही त्यांनी मिस्सा सोडली नाही.

एडिथ २९ नोव्हेंबर १९७१ रोजी वारल्या. मधल्या वर्षांत धर्मावरून झालेला एक भडका ओसरल्यावर दोघांत या बाबतीत समेट झाला होता. २ सप्टेंबर १९७३ रोजी बोर्नमथ येथे एक्क्याऐंशीव्या वर्षी टॉल्किन यांचे निधन झाले. हेडिंग्टन येथील संत अंतोनीच्या चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा त्यांचे पुत्र फादर जॉन यांनी अर्पिली. फादर मरे सोबत होते. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीतील कॅथलिकांच्या भागात पतिपत्नी एकाच कबरीत आहेत. दगडावर दोघांच्या नावांखाली ल्युथिएन आणि बेरेन अशी त्यांच्या कथेतील प्रेमिकांची नावे कोरलेली आहेत.

‘द सिल्मरिलियन’ त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. धाकटा मुलगा ख्रिस्तोफर याने वडिलांच्या खोक्यांतील हजारो पाने लावून ते १९७७ साली प्रसिद्ध केले आणि मग उरलेले आयुष्य त्याच कामाला दिले. आजीची पत्रे चुलीत गेली होती. नातवाने बापाचा कागदाचा कपटाही वाया जाऊ दिला नाही. १९१६ च्या आजारपणात लिहिलेली गाँडोलिनच्या पतनाची कथा स्वतंत्र पुस्तकरूपाने २०१८ साली बाहेर पडली, तेव्हा ख्रिस्तोफर त्र्याण्णव वर्षांचे होते. दीड वर्षाने, १६ जानेवारी २०२० रोजी, ते निवर्तले.